सप्ताहाची शिल्लक

घोटीचा पाऊस हा सांगण्याचा नव्हे, सोसण्याचा विषय आहे. मृगाने तोंड दाखवले की आर्द्रा-पुनर्वसूत तो असा काही बसतो, की समोरची कळसूबाईची रांग आठ-आठ दिवस दृष्टीस पडत नाही. भिंतींना ओल धरते, काडेपेटी पेटत नाही आणि बँकेतल्या कागदांना बुरशीचा वास येऊ लागतो. २००३ सालच्या अशाच एका पावसात आमच्या शाखेच्या दाराशी एक माणूस छत्री झटकत उभा राहिला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. मी ओळखले. आमच्या गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा.

मी घोटीचाच. वडील इथल्या एका भाताच्या गिरणीत दिवाणजी होते. ज्या गावात मी अर्ध्या चड्डीत फिरलो, त्याच गावात विसाएक वर्षांच्या नोकरीनंतर अधिकारी म्हणून बदलून आलो होतो. बुवा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. भाताच्या बाजारात मापाडी. लहानपणी मला नावाने हाक मारणारा हा माणूस टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, जरा काम होतं."

"बसा बुवा," मी म्हणालो. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

काम असे होते. त्यांची धाकटी मुलगी बारावी झाली होती. मंडळात बापाच्या मागे बसून ती गायची, हे गावाला ठाऊक होते. शाळेतल्या एका बाईंनी तिला पुण्याला नेले. तिथे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात तिने गाऊन दाखवले आणि संगीताच्या बी. ए.ला तिची निवड झाली. "तीन वर्षांचं हाये, साहेब. फी काही लई न्हाई. पण पुणं महाग." आणि मग खालच्या आवाजात, "शिक्षणाचं कर्ज देता म्हणं तुम्ही."

देत होतो. २००१ पासून बँकांत शैक्षणिक कर्जाची नवी योजना आली होती. चार लाखांपर्यंत तारण मागायचे नाही, असा तिचा गाभा. बुवांना हवे होते त्याच्या दहाव्या हिश्शाइतके. विद्यापीठ मान्यताप्राप्त, अभ्यासक्रम पदवीचा, प्रवेश गुणवत्तेवर. नियमांत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मी विचारले, "बुवा, परतफेड कशातून करणार? संगीताची पदवी घेऊन पोरगी पुढं काय करणार?"

बुवांनी थोडा विचार केला. म्हणाले, "साहेब, पीककर्ज देताना तुम्ही शेतकऱ्याला इचारता का, पाऊस कुठून आणशील म्हणून?"

मी हसलो. बुवाही हसले. आणि मग मी तेच केले जे बँकेत अशा वेळी करतात. मी नाही म्हणालो नाही. बँकेत नाही म्हणण्याची गरज नसते. आणखी एक कागद मागितला की पुरते. मी पगारदार जामीनदाराचे पत्र मागितले. ते आले तेव्हा उत्पन्नाचा दाखला मागितला. तो आला तेव्हा अभ्यासक्रमानंतरच्या नोकरीच्या संधींबद्दल संस्थेचे पत्र आणा म्हणून सांगितले. चौथ्या खेपेला बुवा आले नाहीत. अर्ज फायलीत राहिला आणि त्या पावसाळ्यात फायलीला बुरशी आली.

ही हकिगत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. कथा-कादंबऱ्यांत आपण दुसऱ्यांच्या पापांचे बरेच हिशेब मांडतो. आपली पाने कोरी ठेवतो. आज ते एक पान लिहायचे आहे.

*

त्याआधीचे एक पान आहे, तेही सांगितले पाहिजे.

मी स्वतः गात असे. दर रविवारी घोटीहून पॅसेंजर धरून नाशिकला एका गुरुजींच्या वर्गाला जायचो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत, प्रारंभिक, प्रवेशिका असे करीत, १९७७ साली मी 'मध्यमा पूर्ण' झालो. पुढची पायरी विशारदची. गुरुजींनी वडिलांना निरोप पाठवला, की मुलाला संगीत घेऊन शिकू द्या, बडोद्याला किंवा मुंबईला विद्यापीठात सोय आहे. वडील रागावले नाहीत. गिरणीच्या ओट्यावर बसून त्यांनी एवढेच विचारले, "पुढं काय करणार?" सतरा वर्षांच्या मुलाजवळ त्या प्रश्नाला उत्तर नसते. मी बी. कॉम. झालो, १९८२ साली बँकेत लागलो, तानपुऱ्याला खोळ घातली ती घातलीच.

वडिलांचे काही चुकले, असे मला कधी वाटले नाही. घर चालले, बहिणींची लग्ने झाली, निवृत्तिवेतन मिळते आहे. पण माणसाचे मन विचित्र असते. आपण जे सोडले ते सोडण्याजोगेच होते, असे कुणीतरी सतत म्हणत राहावे लागते. कुणी म्हणत नसेल तर आपणच दुसऱ्याच्या बाबतीत ते म्हणून घेतो. बुवांना मी जो प्रश्न विचारला तो माझ्या वडिलांचा होता, शब्दाला शब्द. वडिलांनी तो काळजीने विचारला होता. मी कशाने विचारला, याचा शोध घेतो तेव्हा मला फारसे बरे वाटत नाही.

*

संगीत हे शाळेत, वर्गात, परीक्षा देऊन शिकायचे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली. पण लोकांच्या पैशावर चालणारी, कुणाही मुलाने यावे आणि शिकावे अशी शाळा म्हटली, की नाव येते विष्णु दिगंबर पलुसकरांचे. कुरुंदवाडचा हा मुलगा. लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेला. राजाश्रय हाताशी असताना तो सोडून ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली.

बँकवाल्याला या कहाणीतला पुढचा भाग अधिक कळतो. मुंबईच्या विद्यालयासाठी पलुसकरांनी इमारत बांधली, ती कर्ज काढून. मैफली करायच्या आणि हप्ते फेडायचे, असा क्रम चालला. पण हप्ते सुरांना ऐकत नाहीत. अखेर सावकारांनी त्या इमारतीचा लिलाव केला. संगीतशिक्षणासाठी काढलेले महाराष्ट्रातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध कर्ज बुडीत निघाले, असे आमच्या भाषेत म्हणावे लागेल. पुढे पलुसकर रामभक्तीत रमले आणि नाशिकला त्यांनी राम-नाम-आधार आश्रम चालवला. म्हणजे आमच्या घोटीपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, ज्यांच्या नितळ गळ्याने पुढे अवघा देश वेडा झाला, ते डी. व्ही. पलुसकर १९२१ साली नाशिकलाच जन्मले. वडील १९३१ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता.

इमारत गेली, पण शिष्य उरले. त्याच १९३१ साली त्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज खेड्यापाड्यांतून जी मुले प्रारंभिक-प्रवेशिकेचे अर्ज भरतात, ती त्या बुडालेल्या इमारतीच्या पायऱ्या चढत असतात. हे कर्ज बुडीत म्हणायचे की फिटलेले, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवतो.

दुसरे विष्णु म्हणजे पंडित भातखंडे. हे व्यवसायाने वकील. गावोगाव फिरून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी चिजा गोळा केल्या, त्या लिहून 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९२६ साली लखनौला त्यांच्या प्रयत्नाने मॅरिस कॉलेज निघाले. दोघेही विष्णु, पण दोघांची स्वरलिपी वेगळी. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराखाली टिंब दिले की तो मंद्र सप्तकातला; पलुसकरांच्या पद्धतीत मंद्राचे टिंब स्वराच्या डोक्यावर. लहानपणी मी या दोहोंत असा घोटाळा करायचो, की पुढे बँकेत नावे आणि जमा शिकताना मला मुळीच नवल वाटले नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे या विषयाकडे वळली. १९५६ साली खैरागडला तिथल्या राजघराण्याने आपल्या दिवंगत कन्येच्या नावाने निव्वळ कलांचे विद्यापीठ उभे केले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राला अशोक दा. रानडे यांच्यासारखा माणूस लाभला. शास्त्रीय गाण्याइतकेच लोकसंगीतही विद्यापीठात अभ्यासायचे असते, हे मराठीत ठामपणे सांगणाऱ्यांत ते पुढे होते. 'लोकसंगीतशास्त्र' नावाचा ग्रंथच त्यांनी लिहिला. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा अशा दोन पदव्या घेतल्या, सरगमवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, एस. एन. डी. टी. विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि मैफलही गाजवली. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र निघाले, ते नावातच 'गुरुकुल' घेऊन. कल्पना अशी, की शास्त्र, इतिहास, सौंदर्यविचार विद्यापीठाच्या आवारात शिकायचा आणि गाणे शहरातल्या नामवंत गुरूंकडे जाऊन, त्यांच्यासमोर बसून. शाळा आणि तालीम यांचा हा संसार आहे. सगळ्या संसारांत होतात तशी भांडणे त्यातही होतात. पण तो टिकला आहे.

*

बुवा चौथ्या खेपेला आले नाहीत. मला वाटले, विषय संपला.

तो मारुतीच्या देवळात संपत नव्हता, हे मला पुष्कळ नंतर कळले. आमच्याकडे दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नाही, पहाटे काकडा, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. वर्गणी दारोदार फिरून गोळा होते. कुणी पैसे देतो, कुणी तांदूळ. त्या वर्षी सगळा खर्च जाऊन नऊ हजार चारशे रुपये शिल्लक होते. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणाले, की ही शिल्लक पोरीला द्यावी. एकाने शंका काढली, "देवाचा पैसा हाये." त्यावर पखवाजवाले म्हातारे म्हणाले, "मग देवाच्याच कामाला चाललाय की."

पण दान नाही, उसने, असे बुवांनी निक्षून सांगितले. शाळेची शंभर पानी वही आणली गेली. पहिल्या पानावर तारीख, रक्कम, बुवांची सही आणि दोन साक्षीदार. व्याज: काही नाही. मुदत: लिहिलेली नाही. परतफेडीचे साधन या रकान्यात, असा रकाना असता तर, काय लिहिले असते कोण जाणे.

मुलगी घोटीहून सिन्नर आणि सिन्नरहून पुणे अशी एस. टी. बदलत गेली. सोबत एक पत्र्याची पेटी आणि तांदळाचे पोते. पहिल्या वर्षीचे तिचे अनुभव तिनेच मला पुढे सांगितले, तेव्हा ती मला 'काका' म्हणू लागली होती.

"काका, पहिले सहा महिने मला वाटायचं, आपल्याला गाताच येत नाही. मी आबांच्या पट्टीत गायचे. पुरुषांच्या मंडळात बसून बसून गळा तसाच लागला होता. गुरुजींनी आधी माझी पट्टी शोधली. मग म्हणाले, पेटी बंद. वर्षभर फक्त तानपुरा."

पेटीवाल्याच्या मुलीला पेटी बंद! पण त्यात मोठा अर्थ आहे. पेटीचे स्वर कारखान्यात ठरलेले असतात. सगळ्या रागांना तोच गंधार, तोच धैवत. तानपुऱ्यात चारच तारा. पण जवारी नीट लागली आणि खर्ज मन लावून ऐकला, की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो एकदा कानांनी ओळखला, की गळा खोटे बोलू शकत नाही. ती म्हणाली, तो गंधार तिला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत ती एकटीच होती, आणि कुणाला सांगावे हे न कळून ती गच्चीवर जाऊन उभी राहिली.

हा अनुभव गुरूच्या घरीही मिळाला असता, असे कुणी म्हणेल. मिळाला असता. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून पळाले. त्यांना कुणी पदवी विचारली नाही. थोर गवय्यांची यादी करा आणि पदव्यांची यादी करा. दोन याद्या फारशा जुळणार नाहीत. विद्यापीठ गवई घडवत नाही, हे अगदी खरे. सत्राची वेळापत्रके, हजेरी, गुणपत्रिका आणि रियाज यांचे नाते सावत्रच आहे. एक राग मुरायला वर्षे लागतात आणि परीक्षा सहा महिन्यांनी येते.

पण घोटीच्या मापाड्याची मुलगी कोणत्या घराण्याच्या दारात जाऊन उभी राहिली असती? तिला पत्ता कोणी दिला असता? रात्री राहिली कुठे असती? आणि अकराव्या वर्षी घरातून पळणे मुलीला कधी परवडले आहे? विद्यापीठाच्या दारावर एकच प्रश्न होता: गाऊन दाखव. बाप कोण, घराणे कोणते, हे नंतर. एवढ्यासाठी तरी ते दार असावे. तिथे तिने एका घराण्याचे नव्हे, चार घराण्यांचे गाणे ऐकले. तबला, नाटक, नृत्य शिकणारी मुले जेवायला एकाच टेबलावर. ग्रंथालयात पुस्तके. आणि एक गोष्ट तिने मुद्दाम सांगितली: वर्गात एकदा वारकरी भजनातल्या चालींविषयी चर्चा निघाली, आणि सगळे तिच्याकडे वळून पाहू लागले. "तोवर मी लपवत होते, काका. की मी भजनातून आलेय म्हणून. त्या दिवशी मी पाऊण तास बोलले."

*

२००८ साली माझी बदली पुण्याला झालेली होती. एका संध्याकाळी बुवांचा फोन आला. "साहेब, पोरीची एम.ए.ची शेवटची परीक्षा हाये. लोकांसमोर गायाचं असतं. येळ असंल तर या." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. या माणसाने मला बोलवावे, असे मी काय केले होते?

मी गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. श्रोते पंचवीस-तीस. पुढे परीक्षक, त्यांच्यामागे विद्यार्थी. मधल्या एका रांगेत पांढऱ्या टोप्या: मंडळ घोटीहून रात्रीच निघून आले होते. दुपारचे चार वाजले होते. तिने मुलतानी धरला.

तोडी आणि मुलतानी यांचे सातही स्वर सारखे. कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत. कागदावर मांडले तर फरक दिसणार नाही. पण तोडी सकाळची आणि मुलतानी तिसऱ्या प्रहराचा, उन्हे उतरतानाचा. रिषभ-धैवत चढताना गाळायचे, गंधार मध्यमाचा हात धरून घ्यायचा, आणि बघता बघता वेगळे माणूस समोर उभे राहते. ज्यांच्यापाशी सारखेच सात स्वर असतात, अशा दोन आयुष्यांचेही असेच होते की काय, असे माझ्या मनात येऊन गेले.

बढतीत ती रमली. द्रुतात एका लांब तानेनंतर मात्र तिची सम चुकली. एक क्षण. मला तो स्पष्ट कळला. 'मध्यमा पूर्ण' इतके कान अजून शिल्लक होते. परीक्षकांपैकी एकाने मान खाली घालून काही लिहिले. माझ्या हातांना घाम सुटला. तिने मात्र तबल्याकडे पाहिले, हसली, एक आवर्तन नुसते जाऊ दिले आणि पुढच्या समेवर अशी अलगद आली, की पांढऱ्या टोप्यांच्या रांगेतून मोठ्याने "राम कृष्ण हरी!" निघाले. परीक्षेच्या दालनात असे ओरडायचे नसते. कुणी रागावले नाही.

बाहेर बुवा भेटले. मी काहीतरी बोलायला हवे होते. पाच वर्षे मी ते वाक्य मनात जुळवत होतो. ते निघेना. बुवांनी पिशवीतून पेढ्याचा पुडा काढला, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही आलात, बरं वाटलं. तुम्हाला गाण्यातलं कळतं. समंला चुकली ना वो?"

"चुकली, बुवा," मी म्हणालो. "पण सावरली."

"सावरली ना? मंग झालं."

त्या माणसाला सगळे आठवत होते, याबद्दल मला शंका नाही.

*

तिचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटत असेल. ती प्रसिद्ध झाली नाही. मोठ्या महोत्सवांच्या पत्रिकेत तिचे नाव नसते. पुण्यात तिने काही वर्षे शाळेत संगीत शिकवले, शिकवण्या केल्या, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत गायली. लग्न केले, ते तबलजीशीच. आणि करोनाच्या वर्षी शहरातल्या शिकवण्या बंद पडल्या तेव्हा दोघे घोटीला परतले. आता बाजारपेठेत एका जुन्या गोदामाच्या माडीवर तिचा वर्ग चालतो. खाली भाताची पोती, वर सा रे ग म. संध्याकाळी चाळीस मुले येतात. त्यांतली निम्मी दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून येतात, हे तिला ठाऊक आहे. ती म्हणते, "येऊ देत, काका. गुणांसाठी आलेल्यांपैकी एखाददुसरा गंधार ऐकून जातो."

२०२० साली मी निवृत्त झालो आणि घोटीच्या घरी राहायला आलो. मी तिच्याकडे गेलो, ते खरे तर कबुली द्यायला. फायलीची, तीन कागदांची, सगळी हकिगत सांगितली. तिने ऐकून घेतली. म्हणाली, "आबा गेले तोवर तुमच्याबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत." मग उठून तिने ट्रंकेतून एक शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

सप्ताहाच्या शिल्लकेची वही. पहिल्या पानावर नऊ हजार चारशे. पुढे दरवर्षी मंडळाने दिलेली भर: कधी तीन हजार, कधी सहा हजार, एका वर्षी 'तांदूळ दोन कट्टे'. आणि २००८ च्या दिवाळीपासून जमेची बाजू. पाचशे. पाचशे. तीनशे. पाचशे. एकही महिना चुकलेला नाही. जिथे तीनशे आहेत तिथे समासात बारीक अक्षरात 'आजारी होते' असे लिहिलेले. २०१३ च्या एका तारखेला शेवटची नोंद, तिच्याखाली दोन रेघा आणि बुवांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द: 'खाते बेबाक.'

सदतीस-अडतीस वर्षे मी बँकेत काढली. मी स्वतः मंजूर केलेली, सगळे कागद पुरे असलेली किती खाती थकली, ते मला पाठ आहे. ही वही मी दोनदा वाचली आणि मिटून ठेवली. त्या दिवशी ती म्हणाली, "काका, तानपुरा आहे का अजून?" मी म्हणालो, "आहे. खोळीत." आता मी आठवड्यातून दोन दिवस माडीवर जातो. गायला नव्हे. मुले गातात तेव्हा मागे तानपुरा धरतो आणि महिन्याअखेरी वर्गाचा हिशेब लिहितो.

त्या वहीची उरलेली पाने आम्ही आता वापरायला घेतली आहेत. सप्ताहाची शिल्लक पुन्हा त्यात जमा होते. मीही निवृत्तिवेतनातून थोडे टाकतो. यंदा आवणीच्या दिवसांत एक बाई भिजलेल्या अंगाने माडी चढून आल्या. शेतमजूर. मुलगा पखवाज वाजवतो. हात असा बसलेला, की ऐकणाऱ्याने हातातले काम सोडावे. त्यालाही विद्यापीठात जायचे आहे. बाईंनी पदराने तोंड पुसले आणि मला विचारले, "दादा, एवढं शिकून त्यो पुढं काय करील?"

तोच प्रश्न. वडिलांनी मला विचारलेला, मी बुवांना विचारलेला. या खेपेला तो माझ्यासमोर येऊन बसला होता, आणि खरे सांगतो, अजूनही माझ्याजवळ त्याचे उत्तर नाही. नोकऱ्या थोड्या आहेत, मैफली त्याहून थोड्या. खोटी आशा दाखवणे हेही पापच. मी बाईंना हे सगळे सांगितले. काही लपवले नाही.

मग वहीचे नवे पान काढले, तारीख घातली आणि विचारले, "मावशी, त्याला पुण्याला कधी पोचायचंय?"

कुठलाही कागद मागितला नाही.